चाकूला धार आहे, मग गाजर का फुटतं?

जून, जाड गाजर घ्या. दंडावरचे केस भादरणारा एखादा दणकट खिशातला चाकू त्यावर आडवा ठेवून दाबा. पहिले तीन-चार मिलिमीटर पातं गुपचूप आत जातं आणि मग 'कट्ट' असा आवाज होऊन गाजराचे दोन तुकडे होतात. आता दोन्ही तुकड्यांची तोंडं उजेडात धरा. वरचा काठ गुळगुळीत, ओलसर चमकणारा. त्याखालचं सगळं खडबडीत आणि एका बाजूला उतरलेलं. गाजर कापलं गेलं ते त्या वरच्या काठापुरतंच. बाकीचं फुटलं. पात्याने पाचरीसारखं काम केलं, भेग धारेच्या पुढे पळाली आणि धार खाली पोचेपर्यंत तिला कापायला काही उरलंच नव्हतं.

त्या चाकूच्या धारेत काही खोट नाही. खोट आहे धारेच्या मागच्या अंगात. खिशातला चाकू घेताना लोक पोलादाचं नाव विचारतात, खटका कसा लागतो ते बघतात, दुकानदार वर्तमानपत्राचा कागद सर्रकन कापून दाखवतो. पण कागद एक दशांश मिलिमीटरचा. त्याच्यात शिरायला पात्याचं अंग जाड असलं तरी काय बिघडतं? कागद फक्त धार सांगतो. चाकू चिरतो कसा, हे आंबा, कच्ची पपई किंवा सुरण सांगतो, आणि ते दुकानात नसतात.

दोन पाती शेजारी ठेवू. पहिलं २० मिमी रुंद, पाठीकडे २ मिमी जाड, पाठीपासून धारेपर्यंत एकसलग निमुळतं होत आलेलं, आणि धारेच्या लगेच मागे ०.३ मिमी. दुसरं पाठीकडे ३.५ मिमी जाड. वरचा अर्धा भाग तसाच जाडच्या जाड, उतार फक्त खालच्या १२ मिमीमध्ये, धारेमागे ०.६ मिमी. दोघांना एकाच दगडावर, एकाच कोनात, एकसारखी धार लावा. कागद दोन्ही सारखाच कापतील. आता दोन्ही पाती फळात १० मिमी खोल घाला. पहिल्याची त्या ठिकाणची जाडी साधारण १.१५ मिमी. दुसऱ्याची ३ मिमी. फळाला तेवढी जागा करून द्यावी लागते. भोपळ्यासारखी कडक वस्तू असेल तर ती जागा देत नाही, फुटते. आंब्यासारखी मऊ असेल तर चेपते आणि रस गळतो. कोनात मोजलं तर पहिल्या पात्याचा दोन्ही बाजूंचा मिळून उतार सुमारे ५ अंशांचा आणि दुसऱ्याचा १४. कामाचा सगळा फरक या ९ अंशांत आहे.

धारेमागची जाडी हाच आकडा मी सर्वांत आधी बघतो, आणि नेमका तोच आकडा खोक्यावर कधी छापलेला नसतो. हाताला जाणवणारे टप्पे असे: ०.२ ते ०.३५ मिमी असेल तर चाकू फळभाजीत लोण्यासारखा उतरतो. ०.४ ते ०.५ पर्यंत रोजच्या कामाला तक्रार नाही. ०.६ च्या पुढे गेलात की तो खोकी उघडायचा चाकू झाला, मग पोलाद कितीही नावाजलेलं असो. वर्कशॉपमध्ये वापरतात तो डिजिटल व्हर्नियर हाताशी असेल तर पात्याला चकाकती कड जिथे सुरू होते त्या रेषेच्या लगेच वर जबडे हलके टेकवून मोजा. धारेवर जबडे घासू नका, धारही जाईल आणि व्हर्नियरही. व्हर्नियर नसेल तर अंदाजासाठी छपाईचा साधा ८० जीएसएमचा कागद घ्या. एक कागद जवळपास ०.१ मिमी. तीन कागद चिमटीत धरले की ०.३ म्हणजे किती, ते बोटांना कळतं, आणि चार आणि सहामधला फरक तर आंधळ्यालाही कळेल.

ऑनलाइन घेताना व्हर्नियर चालत नाही, तिथे दुसरी खूण. पात्याच्या अगदी खालच्या काठाला धार लावलेली चकाकती पट्टी असते, तिची रुंदी बघायची. धारेमागे ०.३ मिमी जाडी आणि प्रत्येक बाजूने १५ अंशांची धार असेल तर ती पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त येते. ०.६ जाडी आणि २० अंश असेल तर जवळपास ०.९ मिमी. फोटो मोठा करायचा, पात्याची रुंदी माहीत असतेच, तिच्या मानाने पट्टी किती ते बघायचं. २० मिमीच्या पात्यावर पट्टी तिसाव्या भागाहून बारीक दिसली तर पातं बहुधा पातळ आहे. यात एक फसगत होऊ शकते. कोन बोथट असेल तर जाड पात्यावरही पट्टी अरुंदच दिसते. ०.६ जाडीवर ३० अंशांची धार लावली की पट्टी बरोबर ०.६ मिमीची, दिसायला सडपातळ! म्हणून फक्त पट्टीवर जाऊ नका. पाठीकडून किंवा टोकाकडून काढलेला फोटो असेल तर तोही बघा. तो नसेल तर विक्रेत्याकडे मागा; देत नसेल तर दुसरा विक्रेता आहेच.

आता उताराचे प्रकार. पाठीपासून धारेपर्यंत सपाट, एकसलग उतार असलेलं पातं चिरण्यासाठी सर्वांत बिनधोक. त्याच्यासारखंच, पण गालांना, म्हणजे दोन्ही बाजूंना, अगदी किंचित फुगीर असलेलं पातंही उत्तम. ओला बटाटा त्याला जरा कमी चिकटतो. आत खोलगट घासलेलं पातं धारेपाशी फार पातळ असतं. सुतळी, कागद, माशाचं पोट यांना ते झकास, पण सफरचंदात गेलं की खोलगट भाग संपून जाड खांदा लागतो आणि पातं तिथेच अडतं. अर्ध्यावर उतार असलेलं, वर सपाट जाड पट्टा असलेलं पातं फोटोत रुबाबदार दिसतं. ते कशाला केलंय? टोक घालून उचकटायला. खिशातल्या चाकूने दार उचकटायची वेळ किती जणांवर येते, देव जाणे.

पाठीची जाडी १.५ ते २.२ मिमीमध्ये ठेवा. त्याहून पातळ पातं चिरतं छान, पण लवचिक होतं आणि कडक भाजीत वाकडं पळतं. रुंदी १८ ते २२ मिमी पुरे. रुंदी फार कमी असली तर त्याच जाडीच्या पाठीसाठी उतार जास्त उभा होतो, म्हणून १२-१३ मिमी रुंदीच्या नाजूक चाकूला पाठही १.५ मिमीच्या आतच हवी. लांबी ७ ते ८.५ सेंटिमीटर. एवढ्यात मानकुराद आंब्याचा गाल कोयीला लागून एका ओढीत निघतो. 'ओढीत' हा शब्द महत्त्वाचा आहे. पातळ पातं दाबायचं नसतं, मुठीपासून टोकापर्यंत ओढायचं असतं. ५ सेंटिमीटरच्या पात्याला ओढायला जागाच नसते, मग माणूस दाबतो, आणि दाबलं की आंब्याचा रस मनगटावरून कोपरापर्यंत.

टोकाबद्दल थोडक्यात: खाली झुकलेलं, पातळ टोक असेल तर अननसाचे डोळे काढायला, मिरचीचं पोट फाडायला सोयीचं. पोट फार गोल असलेलं पातं ताटलीत चिरताना फक्त एका जागी टेकतं आणि कांद्याच्या चकत्यांची माळ तयार होते.

पोलादाची चर्चा लोक सर्वांत आधी करतात, मी मुद्दाम इथे आणली. पण गोव्यात राहून ती टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर हवेत पाणी, उरलेले आठ महिने किनाऱ्यावर हवेत मीठ. साधं कार्बन पोलाद, म्हणजे ज्यात क्रोमियम नाही ते, पणजीत किंवा मडगावात टेबलावर ओलं राहिलं तर एका रात्रीत केशरी ठिपके दाखवतं. कार्बन पोलादाचा गुण हा की त्याला फार बारीक धार चटकन लागते आणि साध्या दगडावर लागते. दुर्गुण तुमच्या स्वयंपाकघरावर अवलंबून. काजूच्या बोंडूत आम्लही असतं आणि टॅनिनही. लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळी शाई तयार होते, जुन्या काळी लिहायची शाई अशीच करत. बोंडू चिरून मीठ लावून खायला घेतलं की पातं निळसर काळं आणि बोंडूची कडही काळी. भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, चिरली तरी तीच गत. याने बाधत काही नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायला बरं दिसत नाही, आणि पहिल्या काही वेळा फळाला लोखंडाची चव लागते.

कार्बन पोलादच हवं असेल तर ते आधीच काळवून घ्या. पातं साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढा, माडाचं व्हिनेगर कोमट करा, त्यात पातं फक्त बिजागरीच्या अलीकडपर्यंत १०-१५ मिनिटं बुडवा, धुवा, पुसा, पुन्हा एकदा तसंच करा. करडा, सारखा रंग येतो. हा थर गंज थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतो. करडा-काळा रंग चालेल, केशरी दिसला की लगेच तेलाच्या फडक्याने घासून काढायचा. बिजागरीत व्हिनेगर गेलं तर ते आत बसून गंज धरतं आणि चाकू महिन्याभरात करकरायला लागतो, म्हणून बुडवण्याची ती हद्द पाळा.

बहुतेकांनी स्टेनलेस घ्यावं. त्यातही बारीक कणांचं, साधं स्टेनलेस. सँडविक १२सी२७ नावाचं पोलाद घ्या: कार्बन ०.६ टक्के, क्रोमियम साधारण १३.५ टक्के. व्हिक्टोरिनॉक्स ही स्विस कंपनी वापरते ते १.४११० क्रमांकाचं पोलाद त्याच कुळातलं. यांच्यातले कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातू मिळून झालेले कठीण कण बारीक असतात, म्हणून धार फार पातळ केली तरी ती तुटत नाही. डी२ हे पोलाद हल्ली स्वस्त चाकूंमध्ये भरमसाट दिसतं. त्यात १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं, पण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, म्हणून आकडा स्टेनलेसच्या जवळचा दिसला तरी आमच्या हवेत ते गंजतं. वर कण मोठे, त्यामुळे १२-१३ अंशांच्या धारेला त्याची कड बारीक तुकड्यांनी झडते. धार टिकण्यात ते पुढे आहे हे खरं, पण जाड कोनात टिकलेली धार चिरण्याच्या काय कामाची? खाऱ्या पाण्यावर गळ टाकणाऱ्यांसाठी एच१सारखी नायट्रोजनवाली पोलादं आहेत, ती गंजतच नाहीत म्हटलं तरी चालेल. महाग आहेत.

नाव घेऊन सांगायचं तर पातळ पात्याचा विषय ओपिनेलपासूनच सुरू होतो. फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० साली जोसेफ ओपिनेलने हा शेतकऱ्यांचा चाकू केला आणि आजही तो जवळपास तसाच आहे: बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, एक खिळा. १९५५ पासून पातं अडकवायला फिरणारी कडी आली. आकारांना क्रमांक आहेत. ६ नंबरचं पातं ७ सेंटिमीटर, ७ नंबरचं ८, आणि ८ नंबरचं साडेआठ. ८ नंबरची पाठ पावणेदोन मिमीच्या आतबाहेर, पातं पूर्ण रुंदीभर निमुळतं, गाल किंचित फुगीर. गाजराच्या परीक्षेत आवाज येत नाही. गोव्यासाठी स्टेनलेसचाच घ्या, कार्बन आणि स्टेनलेस दोन्ही मिळतात आणि खोक्यावर घाईत बघितलं तर चुकीचा हाती येतो. पात्यावर 'इनॉक्स' कोरलेलं असेल तर तो स्टेनलेस.

त्याचं दुखणं लाकडात आहे. मृग लागला की मूठ दमट होऊन फुगते, खाच आवळते आणि पातं उघडेनासं होतं. नखं मोडण्यात अर्थ नाही. चाकू बंद ठेवून, कडी मोकळी करून, मुठीचा मागचा टोकाचा भाग टेबलाच्या लाकडी कडेवर ठोका. धक्क्याने पातं अर्धा-एक सेंटिमीटर वर येतं, मग बोटांनी उघडा. कायमचा उपाय उन्हाळ्यातच करायचा: एप्रिल-मेमध्ये लाकूड कोरडं असतं तेव्हा खाचेत आणि बिजागरीभोवती औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन थेंब थेंब सोडून रात्रभर मुरू द्यायचं. दोन-तीन वेळा करायचं. तरीही आवळलं तर २२० नंबरचा पॉलिशपेपर दुमडून खाचेच्या दोन्ही भिंतींवरून आठ-दहा वेळा फिरवा. जास्त घासलात तर कोरड्या दिवसांत पातं आत खुळखुळेल. पावसात घाईघाईने घासणारे नेमकी हीच चूक करतात.

व्हिक्टोरिनॉक्सची गोष्ट वेगळी. कार्ल एल्सनरने १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये इबाखला सुरू केलेला हा कारखाना लोकांना हत्यारांच्या गर्दीसाठी माहीत आहे, पण त्याच्या मोठ्या पात्याकडे फार कुणी नीट बघत नाही. मिटल्यावर ९१ मिमी लांब असणाऱ्या चाकूचं मोठं पातं पाठीला २ मिमीच्या आसपास, पूर्ण सपाट उताराचं, धारेमागे चांगलंच पातळ. पोलाद कडकपणाच्या रॉकवेल मापावर ५६ च्या घरातलं, म्हणजे मऊच. धार लवकर उतरते, पण झडत नाही, कलते. आणि कललेली धार चहाच्या कपाच्या बुडाची ती खरबरीत, चमक नसलेली कड असते तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा फिरवली की परत उभी राहते. मुठीला लाकूड नाही, पावसाची तक्रार नाही. एक उणीव आहे. पातं स्प्रिंगवर थांबतं, खटक्याने अडकत नाही. म्हणून टोकाने भोसकायचं काम करू नका, बोटावर मिटेल. निव्वळ चिरायला अडकवणाऱ्या खटक्याची गरज नसते, कारण ओढताना जोर पातं उघडण्याच्या दिशेलाच असतो. मला विचाराल तर ज्याला एकच चाकू घ्यायचाय आणि त्याची सेवा करायची नाही, त्याने कमी पात्यांचा, म्हणजे एक-दोन थरांचा व्हिक्टोरिनॉक्स घ्यावा. ज्याला रविवारी चाकूला तेल घालण्यात रस आहे त्याने ओपिनेल.

जपानचा हिगोनोकामी दिसायला मोहक आणि धारेला विलक्षण. पण त्याची पाठ जाड असते आणि उतार फक्त खालच्या भागात. पेन्सिल तासायला त्याच्यासारखा नाही. दुधीत मात्र खांदा अडतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोहाराने घडवलेल्या सुऱ्या-कोयत्या बघायला मिळतात. गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद असेल तर धातू म्हणून ते चांगलं. पण ती हत्यारं जाड असतात, कारण त्यांना माडावर आणि फांदीवर चालायचं असतं. त्यातलीच एखादी 'घासून पातळ करून द्या' म्हणून देण्यात एक धोका आहे. कोरड्या ग्राइंडरवर पातं निळं पडलं की तिथे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान गेलं असं समजा, आणि तेवढ्यात त्या जागेचा कडकपणा उतरतो. मग धार लावा, दोन दिवसांत गेली. रस्त्यावरच्या धारवाल्याच्या चाकावरही हेच होतं, आणि पातळ पात्याचं आधी होतं. पातळ कडेला उष्णता पसरवायला अंगच नसतं. ठिणग्या उडताना बघायला मजा येते, पण त्या तुमच्या चाकूच्या असतील तर चाकू परत मागून घ्या.

म्हणजे धार घरीच. १००० ग्रिटचा एक दगड रोजच्या कामाला पुरतो (ग्रिटचा आकडा मोठा तेवढे दगडाचे कण बारीक). ४०० चा हवा तो खाच पडली तर आणि अंग पातळ करायला. पातं २० मिमी रुंद आहे, कोन १५ अंशांचा हवा, तर पाठ दगडापासून साधारण ५ मिमी वर धरायची. कोन डोळ्याने साधत नाही म्हणून नाणी एकावर एक रचून पट्टीने ५ मिमी मोजा, पाठ त्यांच्यावर टेकवा, हाताला तो कोन लक्षात येऊ द्या आणि मग नाणी काढा. मुठीकडून टोकाकडे, दगडावरून पातळ काप काढल्यासारखं. एका बाजूने आठ-दहा वेळा, की दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक बर, म्हणजे वळलेल्या पोलादाची किनार, येते. अंगठ्याचं पेर कडेवरून आडवं, बाहेरच्या दिशेने सरकवलं की ती अडकते. कडेच्या लांबीत पेर कधीच सरकवू नका. बर मुठीपासून टोकापर्यंत सलग आली की बाजू बदला. मग दाब कमी करत जा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दगड ठेवून बघा: सुरुवातीला अर्धा किलो, शेवटच्या वेळा दोनशे ग्रॅमच्या खाली. पातळ पात्यावर जोर दिला तर ते दगडावर लवतं, कोन बदलतो आणि बर तुटण्याऐवजी नुसती इकडून तिकडे उलटत राहते. तासभर घासूनही धार येत नाही अशी तक्रार असते ती बहुतेक याचीच.

१००० च्या पुढे जायची गरज क्वचित. आरशासारखी घोटलेली धार टोमॅटोच्या सालीवरून घसरते. १००० वर थांबलेल्या धारेला सूक्ष्म दाते असतात, ते साल पकडतात.

आणि आता जे फारसं कुणी करत नाही ते. दर वेळी धार लावताना कड थोडी वर सरकते, पाठीच्या जवळ, म्हणजे जाड भागात. वरच्या पहिल्या पात्यात कड एक मिलिमीटर झिजली की धारेमागची जाडी ०.०८ ते ०.०९ मिमीने वाढते. दुसऱ्या, अर्ध्या उताराच्या पात्यात ०.२४ ने. पातळ पातं घ्यायचं आणखी एक कारण हे: ते म्हातारपणीही चिरतं. तरी काही वर्षांनी चकाकती पट्टी नवेपणीच्या दुप्पट दिसायला लागली की अंग उतरवायची वेळ झाली. पात्याच्या गालांना काळ्या मार्करने रंगवा, ४०० च्या दगडावर पाठ फक्त दीड मिलिमीटर वर धरून घासा आणि काळा रंग कुठून जातोय ते बघत राहा. रंग पट्टीच्या लगेच वरून जायला हवा, खाली कडेवरून नाही. तासभराचं काम. गालांवर ओरखडे येतात, चाकू जुना दिसायला लागतो. पुन्हा १००० वर धार लावा आणि गाजर घ्या.

पातळ पात्याचे शत्रू थोडे पण पक्के. सुपारीला अडकित्ता आहे. नारळाला कोयता, खोबऱ्याला आदोळी, म्हणजे खवणीची विळी. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, तोंड उघडायला हा चाकू घातलात तर एक तर कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा उडेल किंवा कड लाटेसारखी वळेल. गोठलेला मासा, इसवणाचा (सुरमईचा) मणका, फणसाची मधली दांडी, हेही नाही. आणि कापताना पातं अडकलं तर पिळू नका. सरळ मागे ओढा. भोपळ्यात अडकलेलं पातं पिळून काढताना कड उडते, आणि ती उडाली हे दुसऱ्या दिवशी टोमॅटोवर कळतं.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा: शस्त्र नियमांत ज्या चाकूंचा उल्लेख आहे ते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचे, तेही घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी नसलेले. साडेआठ सेंटिमीटरचा फळं कापायचा चाकू त्यापासून फार दूर आहे. विमानाला मात्र, विमानतळ दाबोळीचा असो की मोपाचा, हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावा लागतो. किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला छोटासा चाकूसुद्धा सुरक्षा तपासणीत काढून घेतात.

तेलाबद्दल नेहमी प्रश्न येतो म्हणून. पात्याला खोबरेल चालतं, बिजागरीत चालत नाही. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे साखळी-डिचोलीकडे तेवढी थंडी सहज पडते. मग चाकू सकाळी जड उघडतो आणि दुपारी हलका. सोयाबीन, सूर्यफूल तर नकोच, ती वाळून गोंदासारखी होतात आणि त्यात पोईचा, म्हणजे गोव्याच्या पावाचा, भुसा चिकटतो. बिजागरीत लिक्विड पॅराफिनचा एक थेंब, दहा वेळा उघडमीट, बाहेर आलेलं काळं पुसून टाका, पुन्हा एक थेंब.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-वेलींची चौकट, बांधताना चाकूची खरी ओढाताण होते. केवणीच्या सालीचे दोर, सुपारीचं शिपटं (घड), रानातल्या वेली, निरफणसाचा देठ, एकामागून एक. दोर कापायला धार हवी, पण दोराला माती लागलेली असते आणि माती म्हणजे बारीक वाळू, ती धार दहा मिनिटांत खाते. दोर आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर त्या कामाला दुसरा स्वस्त चाकू ठेवा. निरफणसाला आणि फणसाला हात घालण्याआधी पात्याच्या दोन्ही गालांना खोबरेल चोळा, म्हणजे चीक चिकटत नाही. तरी बसलाच तर पाण्याने घासू नका, चीक पसरतो आणि बिजागरीत शिरतो. खोबरेलात बुडवलेल्या कापसाने, पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने पुसा. मग साबण, मग कोरडं फडकं, आणि रात्रभर पातं उघडं ठेवून चाकू जिथे हवा लागेल अशा जागी, मुलांच्या हाताला येणार नाही एवढ्या उंचीवर.